भाऊजींचं काय काय करावं लागतं

४ फेब्रुवारी

प्रिय छबू,

पाकीट बघून दचकू नकोस, घरात सगळं ठीक आहे. फोनवर जे बोलता येत नाही ते लिहायला घेतलंय, एवढंच. स्वयंपाकघरात कुजबुजलं तरी खिडकीशी बसलेल्या भाऊजींना ऐकू जातं. "पाय गेले, पण कान शाबूत आहेत," असं तेच येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असतात. त्यामुळे दर रविवारी तू विचारतेस, "वहिनी, कसं चाललंय?" आणि मी म्हणते, "मजेत." दुसरं काय म्हणणार?

चष्म्याच्या दुकानातली नोकरी मी सोडली. थंडी सुरू व्हायच्या आधीच सोडली, तुला सांगितलं नाही. मालक भले आहेत, उशिरा गेले तरी कधी बोलले नाहीत. पण काचा घासायच्या चाकावर बसलं की हात तिथे आणि जीव घरी. एका आजोबांच्या चष्म्यात मी डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवून दिली. बिचारे दुकानाची पायरी चुकले. पडले नाहीत, पण त्या दिवशी घरी येतानाच मी ठरवून टाकलं.

आता मुद्द्याचं. भाऊजींच्या पाठीची जखम धुवायला नर्सबाई येतात, त्यांनी सांगितलं की घरच्या अपंग माणसाची पूर्णवेळ देखभाल करणाऱ्याला सरकारकडून दरमहा भत्ता मिळतो. मी म्हटलं, "मला कशाला? अंथरुणाला ते आहेत." त्या म्हणाल्या, "तुम्हालाच. हे काम आहे, बाई." हे काम आहे असं मला आजवर कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. त्या गेल्यावर किती तरी वेळ मी ओला बोळा हातात घेऊन तशीच उभी होते.

अर्ज आणलाय. अडचणी दोन. मी भाऊजींच्या रक्ताच्या नात्यातली नाही. तुझा मोठा भाऊ गेला, त्याच्याबरोबर माझं तुमच्याशी असलेलं नातंही गेलं की राहिलं, हे कचेरीतल्या कारकुनालाही नक्की सांगता येईना. पण बहिणीने, म्हणजे तू, "माझी हरकत नाही" असं लिहून दिलंस तर चालतं. कागद सोबत आहे. सही करून पाठव.

दुसरी अडचण अर्जातच आहे. आंघोळ, कपडे, उठणं-बसणं, सगळं एकाखाली एक विचारलंय आणि प्रत्येकापुढे "स्वतः", "मदतीने" आणि "अजिबात नाही" असे रकाने आहेत. त्यांच्या डोळ्यांदेखत "अजिबात नाही"वर खूण कशी करू? दुपारी त्यांचा डोळा लागला की ओट्याशी बसून एकेक ओळ भरते.

तुझी,
वहिनी

१५ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

सही केली आहे. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुला वाटेल नाही केली.

इथे परीक्षा तोंडावर आल्यात. वसतिगृहातल्या निम्म्या मुली रडतायत, उरलेल्या झोपा काढतायत, आणि रेक्टर म्हणून दोघींवर ओरडायचं काम माझं. त्यात तुझं पत्र आलं. दोनदा वाचलं.

वहिनी, आपल्याच माणसाचं करायचं आणि त्याचे सरकारकडून पैसे घ्यायचे, हे माझ्या घशाखाली उतरत नाही. उद्या कुणी म्हणालं की दिराला सांभाळायचा पगार घेते, तर? मी पाठवते त्यात आणखी भर घालीन. ओढाताण होईल, पण होईल.

आणि एक विचारू? रागावू नकोस. दादा फोनवर सांगतो, "मी ठणठणीत आहे, सकाळचा चहा मीच करतो, तुझ्या वहिनीला आयता मिळतो." दुकानांच्या पाट्या रंगवताना शिडीवरून पडून ज्याची कंबर कायमची गेली, तो माणूस पुन्हा चहा करायला लागला! मला इतकं कौतुक वाटलं की मी इथल्या मुलींना ते जेवणाच्या टेबलावर सांगितलं. मग तुझ्या अर्जात "अजिबात नाही" कुठून आलं? मंजूर व्हावा म्हणून थोडं फुगवून लिहितेस का? की आमचं ओझं होतंय तुला? होत असेल तर सरळ सांग. इथे जवळ एक निवासी केंद्र आहे. स्वच्छ आहे म्हणतात, माणसंही चांगली आहेत. मी दादाच्या कानावर घालून बघते.

तुझी,
छबू

१ मार्च

प्रिय छबू,

सही पोचली. अर्ज देऊन आले.

ओझ्याचं विचारलंस. सरळ उत्तर द्यायचं तर ते रोज बदलतं, आणि पत्र पोचायला चार दिवस लागतात.

चहाचं मात्र सांगते. चहा तेच करतात. मी त्यांच्या हाताशी टेबल सरकवते. त्यावर विजेची शेगडी, भांडं, मोजून पाणी, दूध, साखर असं सगळं मांडते. बटण मी लावते. ते वाकून उकळी बघतात आणि पत्तीचा चमचा उलटा करतात. मग "झाला!" म्हणून हाक मारतात, मी गाळते. त्या चहाला चव खरंच त्यांच्या हातची असते. मुलींना तू काही खोटं सांगितलेलं नाहीस.

रविवारी केंद्राचं त्यांच्याशी बोललीस ना? मी स्वयंपाकघरात होते, काय बोललीस ते ऐकलं नाही. पण फोन ठेवल्यावर ते जेवले नाहीत. समोरच्या औषधाच्या दुकानावर नवा फलक लागलाय. एरवी त्याच्या अक्षरांना त्यांनी दिवसभर शिव्या घातल्या असत्या, पण "बरा आहे" म्हणाले, तेवढंच. आता तो विषय नको काढूस.

तपासणीला कुणीतरी घरी येणार आहे. घर आवरते.

वहिनी

२८ मार्च

प्रिय छबू,

तपासणी झाली, निकालही आला. अर्ज नामंजूर. कारण लिहिलंय, "संबंधित व्यक्ती दैनंदिन व्यवहारांत बहुतांशी स्वावलंबी आढळली."

झालं असं. उजाडल्यापासूनच भाऊजींची घाई सुरू झाली. "वहिनी, माझा पांढरा शर्ट काढ." दाढी स्वतः करायचा हट्ट धरला. पडल्यापासून उजव्या हाताची बोटं नीट मिटत नाहीत, ब्रश धरणाऱ्या त्याच हातातून वस्तरा सारखा निसटत होता. हनुवटीवर दोन ठिकाणी कापून घेतलं, वर मलाच म्हणाले, "पाणी फार गरम दिलंस."

तपासणीची बाई तरुण होती. जिने चढून दमलेली, चपला धुळीने भरलेल्या. भाऊजी म्हणाले, "या, या. मी खाली घ्यायलाच येणार होतो तुम्हाला, पण म्हटलं तुमचा व्यायाम कशाला बुडवा." ती खळखळून हसली. छबू, त्या माणसाला हसवता येतं गं, अजून.

तिने विचारलं, "कपडे कोण घालतं?"

"मीच. या वयात दुसरं कोण घालणार?"

"पलंगावरून खुर्चीत कसे येता?"

तर त्यांनी करून दाखवलं. मी पुढे झाले तसं डोळ्यांनीच मला थांबवलं. दोन्ही तळहात गादीवर रोवले आणि सगळं अंग उचलून खुर्चीत टाकलं. दंडाच्या शिरा तटतटून आल्या होत्या आणि तोंडावर मघाचंच हसू. मी दाराची चौकट धरून उभी होते. बाईने माझ्याकडे बघून विचारलं, "हे रोज असं करतात?" हो म्हटलं तर अर्ज बुडाला. नाही म्हटलं तर परक्या बाईसमोर ते खोटे पडले. मी म्हटलं, "चहा घेणार का?"

ती गेल्यावर शर्ट काढला तर पाठीकडून लाल झालेला. महिनाभर धुऊन भरत आणलेली जखम उघडली होती. त्यानंतर आठवडाभर ते पालथेच होते. मी एवढंच म्हटलं, "शर्ट भिजत घातलाय." ते उशीत तोंड खुपसून म्हणाले, "डाग जाईल ना?"

नामंजुरीचं पत्र त्यांनीच मोठ्याने वाचलं. "बघ, सरकारच म्हणतंय मी धडधाकट आहे." एवढी ऐट! मी भांडी घासायला गेले आणि जरा जास्तच आपटली. दुकानाचे मालक पुन्हा बोलावतात. जाऊ शकत नाही आणि न जाऊनही भागत नाही. ऐटीपायी हे सगळं झालं याचा राग येतो, आणि तो राग करू कुणावर, ते कळत नाही.

वहिनी

९ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी वसतिगृहाच्या पायऱ्यांवर बसून वाचलं. दोन मुली विचारायला आल्या, "मॅडम, काही झालं का?" मी त्यांना अभ्यासाला पिटाळलं.

"फुगवून लिहितेस का," असं मी विचारलं होतं. तो कागद तुझ्याकडे असेल तर फाडून टाक.

एक गोष्ट मात्र तुझी चुकतेय असं मला वाटतं. दादाला ऐट आहे, लहानपणापासून आहे. पण ऐटीसाठी माणूस पाठ फोडून घेत नाही. मी त्या रविवारी केंद्राचं बोलले तेव्हा त्याने एकच विचारलं होतं, "वहिनी म्हणाली का असं?" मी म्हटलं, "छे, मीच म्हणतेय." त्याचा विश्वास बसला नसावा.

आता कामाचं. नामंजुरीवर अपील करता येतं. इथे आमच्या संस्थेचे वकील येतात, त्यांच्याकडून मसुदा लिहून घेतलाय, सोबत आहे. नर्सबाईंकडून जखमेबद्दल लिहून घे. सुनावणीला दोघांना बोलावतील. तिथे तू बोलायचंस. आंघोळीपासून सगळं, काही शिल्लक ठेवू नकोस. दादाच्या समोर जीभ उचलली नाही तर माझ्यावर ओरडतेयस असं समज आणि बोल. तेवढा राग तुझ्याकडे नक्की असेल.

आणि भत्त्याबद्दल मी जे म्हटलं होतं तेही सोडून दे. मी इथे पोरींना वेळेवर उठवायचा पगार घेते, आणि कुणी मला नावं ठेवत नाही.

छबू

१९ जुलै

प्रिय छबू,

बरेच दिवस लिहिलं नाही. तारखा पुढे जात होत्या. सुनावणी झाली. भत्ता मंजूर झाला, अर्ज दिल्या दिवसापासून धरणार आहेत. तुझ्या वकिलांना माझे आभार सांग, मसुदा चांगला होता.

मी फार काही बोलले नाही. भाऊजी थोडं बोलले. परत येताना गाडीत गर्दी नव्हती, खुर्ची नीट बसली.

इथे पाऊस फार आहे. तब्येत सांभाळ.

वहिनी

२७ जुलै

वहिनी,

हे काय पत्र आहे? "पाऊस फार आहे"? पाच महिने मी श्वास रोखून बसलेय आणि तू मला खुर्ची नीट बसली म्हणून कळवतेस? मी फोन केला तर म्हणतेस, "सगळं चांगलं झालं," आणि मागून दादाच्या हसण्याचा आवाज येतो. तो का हसत होता?

तुझ्याकडून काही निघणार नाही हे मला कळलंय. हे पत्र दादाला दे. दादा, तू लिही. हाताचं निमित्त सांगू नकोस. तुला डावा हातही आहे.

छबू

१२ ऑगस्ट

चि. छबू,

तुझा हुकूम मिळाला. डाव्या हाताने लिहितोय, रोज थोडं थोडं. अर्ध्या शहराच्या दुकानांवर माझी अक्षरं होती, आणि आता हे बघ, कोंबडी शाईत पाय बुडवून चालल्यासारखं दिसतंय. हसू नकोस. हसलीस तरी कळवू नकोस.

वहिनी भाजी आणायला गेली आहे, तेवढ्यात महत्त्वाचं लिहून घेतो.

सुनावणीचं कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद होती. दोन शिपायांनी मला खुर्चीसकट उचलून वर नेलं. मी त्यांना म्हटलं, "बाबांनो, एवढ्यावरच निकाल द्यायला सांगा, आत जायची गरजच नाही." ते हसले, पण धापा टाकत.

आत टेबलामागे तिघं होते. मधले अध्यक्ष म्हणजे एक वयस्क गृहस्थ. चांगला माणूस वाटला. त्यांनी वहिनीला विचारलं, "यांचं रोज काय काय करावं लागतं, ते सांगा." वहिनी उभी राहिली. पिशवीचे बंद हातात पिळत होती. एकदा माझ्याकडे बघितलं. मी तोच पांढरा शर्ट घातला होता, डाग गेलेला. मग म्हणाली, "तसं विशेष काही नाही. ते स्वतःचं स्वतः करतात. मी आपली हाताशी असते."

छबू, मी गारच पडलो. एवढी धावपळ केली, तुझ्या वकिलाने पानं भरून लिहिलं, नर्सबाईंनी लिहून दिलं. आणि ऐन वेळी ही बाई माझं तोंड राखायला सगळं गिळून बसली! घरी रोज दोन महिने ओट्यासमोर उभी राहून बोलायची तयारी करत होती. मला ऐकू जात नाही असं तिला वाटत होतं.

अध्यक्षांनी फाइल मिटायला घेतली. मी म्हणालो, "साहेब, वहिनी खोटं बोलतेय."

तिघांनी माझ्याकडे बघितलं. वहिनीने तर असं बघितलं की घरी गेल्यावर माझं काही खरं नव्हतं.

मी म्हटलं, "आंघोळ ही घालते. शौचाचं हीच बघते. ते कसं, ते मला विचारू नका, मला सांगवणार नाही. पण ती रोज करते आणि नाक मुरडत नाही. या शर्टाची बटणं हिने लावलीत. मला कूस बदलता येत नाही. बदलली नाही तर पाठ सडते. म्हणून ही रात्रीतून कितीदा तरी उठते, मला वळवते, आडवी होते, परत उठते. मी पडल्यापासून ही बाई एकदाही सलग झोपलेली नाही. हे तिने अर्जात लिहिलेलं नाही, कारण तुमच्या अर्जात रात्रीचा रकानाच नाही."

अध्यक्ष म्हणाले, "इथे नेहमी उलट होतं. अर्जदार वाढवून सांगतात आणि आम्हाला कमी करावं लागतं." मग मला म्हणाले, "पण आमच्या तपासणी अधिकाऱ्यांना तुम्ही वेगळंच दाखवलंत. का?"

आता खोटं बोलून भागणार नव्हतं. मी म्हटलं, "भीतीपोटी, साहेब. वाटलं, माझं सगळं एकाखाली एक लिहून निघालं तर तुम्ही मला केंद्रात टाकाल. आणि तुम्ही नाही टाकलंत तरी ही वाचेल. रोज करताना माणसाला कळत नाही. सगळं एकत्र वाचलं की कळतं, केवढं आहे ते. माझा भाऊ आता नाही, तिला थांबवणारं काही नाही. वाचून ती निघून गेली असती तर कुणी नावं ठेवली नसती. मीसुद्धा नाही."

आणि मग वहिनी, जी इतका वेळ नीट उभीही राहत नव्हती, ती माझ्यावर खेकसली, "अर्ज कुणी भरला? मीच ना? मग वाचलाय की मी!"

बस. एवढंच म्हणाली आणि खाली बसली. टेबलाच्या कडेला बसलेल्या बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. निकाल डाकेने आला, पण तो मला तिथेच कळला होता. घरी आल्यावर म्हणाली, "शौचाचं सांगायची काय गरज होती?" मी म्हटलं, "तू सांगितलं असतंस तर मला सांगावं लागलं नसतं." मग ती हसली. तू फोन केलास तेव्हा आम्ही त्यावरच हसत होतो.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. मंजुरीच्या कागदात खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की देखभाल करणाऱ्याला वर्षातून दोन आठवडे सुटी मिळते, आणि तेवढ्यापुरता शिकलेला मदतनीस घरी पाठवतात. वहिनीने तो भाग वाचून कागद घडी करून ठेवला. मी तो काढून सगळी चौकशी केली. मदतनीस एक दिवस येऊन गेला. इस्पितळात वॉर्डबॉय होता. अंगाने दांडगा, दिवसभर बेसूर गुणगुणतो. मला उचलतो ते पोतं उचलावं तसं, पण हात पक्का आहे. वहिनी दाराशी उभी राहून त्याला सूचना देत होती. शेवटी तो म्हणाला, "बाई, तुम्ही जाणार आहात ना?"

ती नाहीच म्हणते. "तुम्हाला परक्या हाताची सवय नाही" म्हणते, "पुढच्या वर्षी बघू" म्हणते. म्हणून तिकीट तूच काढून पाठव. तिकीट हातात आलं की वाया जाऊ द्यायची नाही, तेवढी मी तिला ओळखतो.

मला भीती वाटते, हे तिला सांगू नकोस. माझं रोजचं आजवर तिच्याशिवाय कुणी केलेलं नाही, नर्सबाई सोडल्या तर. पण केंद्राच्या वेळची भीती वेगळी होती. ही नुसती पोहायला शिकताना वाटते तशी आहे. दोन आठवडे निभावून नेईन. गाणं मात्र सहन होणार नाही, त्याचं काहीतरी करावं लागेल.

तुझ्याकडे आली की तिला वसतिगृहाच्या भांड्यांपाशी फिरकू देऊ नकोस. बसून खाऊ दे. पहिल्या काही रात्री ती आपोआप दचकून उठेल आणि अंधारात हात पुढे करून माझा पलंग शोधेल. तू तिच्याच खोलीत झोप. दिवा लावू नकोस. एवढंच म्हण, "वहिनी, दादाला वळवलंय. तू झोप."

तुझा,
दादा